उलट्या नावाचा टॉवेल

"येमुल, हे उलटं आहे," फडतरे सर म्हणाले आणि त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

माझ्या वडलांनी बोटाकडं बघितलंच नाही. त्यांना आम्ही नाना म्हणतो. ते स्क्रीनकडं बघत राहिले. बारीक बारीक चौकटींत लाल रंग भरून त्यांनी 'भार्गव' हे नाव काढलं होतं. व आधी, भ शेवटी, आणि सगळ्या अक्षरांच्या दांड्या डावीकडं. आरशात दिसतं तसं.

"सुलटंच आहे," नाना म्हणाले.

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. सर पण हसले, वाईट मनानं नाही, पण हसले. माझं डोकं तिथंच फिरलं. मी खुर्ची मागं ढकलून उभी राहिले आणि विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यात कधी माग बघितलाय का?"

मला वाटलं होतं चिडतील, मग मला पण चिडता येईल. पण ते शांतपणे म्हणाले, "नाही गं. मी बार्शीचा. आमच्याकडं कुठले माग?" मी खाली बसले.

त्याला तीन-चार वर्षं झाली. आता मी एकोणीसची आहे. तेव्हा नववीतनं शाळा सोडून घरी बसले होते. शाळा का सोडली ते सांगायला बसले तर ही गोष्ट बाजूला राहील. हेडबाई म्हणल्या, सॉरी म्हण, आणि मी म्हणलं नाही, एवढंच. अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप देऊन मला पण शेजारी बसवायची, पण मी वळलेली विडी सुपातनं उचलेपर्यंत सुटायची. शेवटी अम्मानंच मला नानांबरोबर हाकललं. म्हणली, जा, निदान संध्याकाळचं तरी घर शांत राहू दे.

सोलापूरच्या पूर्व भागात एका मंगल कार्यालयाच्या माडीवर तो वर्ग चालायचा. मोठ्या माणसांसाठी, दिवसभराचं काम उरकून येणाऱ्यांसाठी. कंप्युटर चालू कसा करायचा इथनं सुरुवात, मग बिल करणं, मेल पाठवणं, मालाचा हिशेब ठेवणं, आणि कापडाच्या धंद्यातल्यांना डिझाईन. एका कंप्युटरला दोघं. नानांच्या जोडीला एक म्हातारा जॉबर होता, मागांची दुरुस्ती करणारा. माउस धरला की हात थरथरतो म्हणून तो यायचा बंद झाला. त्या खुर्चीवर मी बसले. सरांनी वय विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

नाना पत्ते पाडायचे. म्हणजे काय, तर आधी ग्राफच्या कागदावर डिझाईन काढायचं, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. एक पट्टी म्हणजे कापडाची एक ओळ. असल्या पट्ट्या दोऱ्यानं ओवून मागाच्या डोक्यावर टांगल्या की खाली मोर येतो, कमळ येतं, नाव येतं. आमच्या गल्लीत निम्म्या घरांतल्या चादरींवरचे मोर नानांचे आहेत.

पण पत्त्यांचे माग गेले. नानांचे मालक वेंकटेशशेठ, त्यांनी अक्कलकोट रोडला नवीन शेड टाकली. तिथल्या मशीनला पुठ्ठा लागत नाही. पेन ड्राइव्ह लावला की झालं. शेठनी नानांना सांगितलं, नरसय्या, कोर्स कर. जमलं तर डिझाईनला बसशील. नाही जमलं तर गेटवर खुर्ची टाकून देतो, उपाशी ठेवणार नाही. ते चांगल्या मनानंच बोलले होते, पण त्या दिवशी नाना जेवले नाहीत. पत्ते पाडणारा माणूस गेटवर बसून कुणाच्या गाड्यांना सलाम करणार?

नानांची परीक्षा म्हणजे शेठच्या पोराचं लग्न. आमच्यात लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपीचा आहेर देतात. ज्याचे स्वतःचे माग आहेत तो काही बाजारातला टॉवेल देत नाही. नवरा-नवरीचं नाव विणलेला देतो. नवरा भार्गव, नवरी हर्षिता. अक्षता जवळ आलेल्या. नानांनी डिझाईन काढायचं, नव्या शेडमध्ये नमुना निघायचा, आणि तो बघून शेठ ठरवणार.

तर त्या दिवशी सर बोलले ते नानांनी ऐकलं नाही. त्यांनी उलटं काढलेलं तसंच पेन ड्राइव्हमध्ये घातलं आणि शेडला पाठवून दिलं.

नमुना आला. शेठच्या ड्रायव्हरनं आणून आमच्या उंबऱ्यात ठेवला. अम्मानं घडी उघडली आणि तोंडावर हात ठेवला. पिवळ्या टॉवेलवर लाल नावं, काठ सुंदर, कमळं सुंदर, आणि दोन्ही नावं उलटी. लग्नाच्या टॉवेलवर नवरा-नवरी उलटे. ड्रायव्हर म्हणाला, शेठनी देवापुढं ठेवायला म्हणून टॉवेल घरात नेला होता, शेठाणी बघून उठूनच गेल्या. शेठनी निरोप दिला होता, उद्या संध्याकाळपर्यंत बरोबर करून दे. नाही तर इचलकरंजीच्या एका डिझाईनवाल्या पोराला बोलवतो, आणि मग तुझं काय ते बघू.

त्या संध्याकाळी नाना वर्गात आले आणि सरळ सरांपुढं टॉवेल टाकला. तुम्ही मागनं काहीतरी बटण दाबलंत, असं त्यांचं म्हणणं. सर शपथा घ्यायला लागले. ते म्हणाले, येमुल, तुम्ही काढलं तसंच आलंय. सुलटं काढा, सुलटं येईल. एवढं सोपं आहे.

नानांनी टॉवेल उचलून माझ्या हातात दिला आणि ते शेजारी बसले. मग म्हणाले, "सर, मी आयुष्यभर उलटं काढलं. म्हणून लोकांनी सुलटं वाचलं. आता तुम्ही म्हणता म्हणून सुलटं काढतो. पण का ते सांगा."

"का म्हणजे? मशीन तसंच आहे."

"मशीन तसं का आहे?"

सरांनी खरं सांगितलं, मला नाही माहिती. नाना उठले. का ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही, असं म्हणाले. आज नाव उलटं आलं, उद्या आणखी काही उलटं येईल, आणि मी आंधळ्यासारखा बसेन. त्यापेक्षा गेट बरं.

नाना जिना उतरून गेले. मी तिथंच बसून राहिले, हातात टॉवेल घेऊन. मला नानांचा राग आला होता. काढा ना सुलटं, संपलं. कशाला एवढं? पण दुसरीकडं डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. नाना उलटं काढायचे आणि सुलटं यायचं, हे खरं. चादरी घरात आहेत. मग आता का येत नाही? उलट्याचं सुलटं होत होतं, ते नक्की कुठं होत होतं?

मी सरांना म्हणलं, फाईल उघडा. त्यांनी उघडली. स्क्रीनवर उलटं. म्हणलं, पेन ड्राइव्ह दुसऱ्या कंप्युटरला लावा. लावला. तिथं पण उलटं, जसंच्या तसं. म्हणजे कंप्युटर काही करत नव्हता. जे दिलं तेच ठेवत होता, बिचारा. सरांना पण गंमत वाटायला लागली. म्हणाले, अंबुजा, तू शाळा का सोडलीस गं? मी म्हणलं, ते जाऊ द्या.

सकाळी उठल्या उठल्या मी माझ्या काकाच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे काय, गल्लीतच पत्र्याचं छत आणि चार जुने माग. तिथं अजून पत्ते चालायचे. कामगार चहाला गेले होते, माग बंद होते. एका मागावर चादर अर्धी विणलेली होती आणि तिच्यावर 'शुभ लाभ' येत होतं. मी वरनं बघितलं. वाचता येईना. उलटं होतं. म्हणजे इथं पण उलटंच. मग सुलटं कधी होतं? कापून झाल्यावर?

मी खाली वाकले. नीट दिसेना. मग कापसाच्या कचऱ्यात सरळ पाठीवर पडले आणि सरकत मागाच्या पोटाखाली गेले. वर बघितलं. आणि डोक्यावर, अगदी नाकासमोर, 'शुभ लाभ'. स्वच्छ, लाल, सुलटं.

"काय करलालीस गं तिथं?" काका चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "मेली का काय?"

मी खालनंच विचारलं, "काका, चादरीचं तोंड खाली असतंय का?"

"मग कुठं असतंय? खालीच. वर काढायला गेलं तर निम्म्याहून जास्त दोरे उचलावे लागतात, मागाचा दम निघतोय. आता बाहेर ये, ग्रीस लागंल."

मी बाहेर आले तर फ्रॉकला, केसांना, सगळीकडं कापूस. पण मला ते दिसतच नव्हतं. उलट्याचं सुलटं कुठंच होत नव्हतं. कुणीच काही फिरवत नव्हतं. चादर पालथी विणली जायची, एवढंच. विणणारा वरनं तिची पाठ बघायचा. म्हणून नाना पाठीचं चित्र काढायचे.

मग नव्या शेडमध्ये काय आहे?

तिथं जायचं म्हणजे वॉचमन. त्याच्याशी माझं एकदा वाजलं होतं, तो जुन्या कारखान्याच्या दारावर असताना मी नानांचा डबा द्यायला गेले होते तेव्हा. त्यामुळं मला बघून तो आधीच उठून उभा राहायचा. मग मला मुमताजभाभी आठवल्या. त्या आमच्याच वर्गात होत्या, पुढच्या बाकावर. नव्या शेडमधनं निघालेल्या टॉवेलांना कड शिवायचं काम भाभींच्या हाताखालच्या बायका करायच्या, म्हणून भाभी रोज माल आणायला आत जायच्या. बिलं हातानं लिहून लिहून दमल्या म्हणून कंप्युटर शिकायला आल्या होत्या. मी त्यांच्या घरी गेले, काय पाहिजे ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "चल. पण तोंड बंद ठेव. तुझं तोंड म्हणजे दिवाळीतली माळ, एकदा पेटली की थांबत नाही."

रिक्षातनं गेलो. वॉचमन मला बघून पुढं आला. भाभींनी माझ्या डोक्यावर रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा ठेवला आणि, हे माझं माणूस आहे, म्हणून आत घेऊन गेल्या. मी एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असेल.

शेड बघून मी थांबले. पंखे नाहीत, तरी गार. जमीन पांढरी, चकचकीत. माग केवढाले, आणि आडवा दोरा घेऊन पळणारा धोटा एकाला पण नाही. आवाज मात्र तोच, उलट जास्त. मला वाटलं होतं इथं पण खाली झोपून बघावं लागेल. मी गठ्ठा टाकला आणि एका मागापाशी खाली बसलेच होते, तेवढ्यात मागावरचा पोरगा ओरडत आला. हिंदी बोलत होता. मरायचंय का, असं काहीतरी म्हणत होता. मला दंडाला धरून उभं केलं. मी त्याला हाणणारच होते, पण हात वर गेला तो तसाच राहिला.

समोर, मागावर, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, टॉवेल विणला जात होता. कुठल्या तरी हॉटेलचा. आणि त्यावर 'सुस्वागतम' असं लिहिलेलं येत होतं. सुलटं. वरनं. वाचता येत होतं.

टॉवेलचं तोंड वर होतं.

मी त्या पोराला विचारलं, सगळे असेच विणतात का? तो म्हणाला, इथं सगळे असेच. मशीनमध्ये ताकद आहे, कितीही दोरे उचलते. त्याला त्यात काही नवल नव्हतं. त्यानं जुना माग कधी बघितलाच नव्हता. सरांनी कुठलाच बघितला नव्हता. आणि नानांनी नवा बघितला नव्हता. ते गल्लीतल्या जुन्या कारखान्यात बसायचे, इकडं कुणी त्यांना बोलावलंच नव्हतं. त्यांच्या हातात यायचा तो कापून, घडी घालून आलेला टॉवेल. ज्याला जेवढं दिसत होतं तेवढ्यापुरता तो बरोबर होता.

मी घरी पळत आले म्हणलं तरी चालेल. रिक्षा होती, पण मी आतनं पळत होते. नाना दारात बसले होते, दाढी न करता. मी म्हणलं, "नाना, नव्या मागावर तोंड वर असतंय."

ते माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं समजावून सांगावं लागेल, म्हणून मी परत तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. थांब. मग त्यांनी स्वतःचा तळहात पालथा धरला, बघितला, आणि हळूच उताणा केला. एवढंच. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

"तू बघितलंस?"

"हो. वाचलं."

ते उठले. आत जाऊन अम्माला म्हणाले, शर्ट दे. आम्ही सरांच्या घरी गेलो, भर दुपारी. सर बनियनवर झोपले होते. त्यांनी मंगल कार्यालयाची किल्ली आणली आणि आमच्यासाठी एकच कंप्युटर चालू केला. नाना काढायला बसले.

आणि जमेना. कळलं होतं, पण हाताला कळत नव्हतं. भ ची दांडी परत डावीकडं जायची. पुसायचे, परत काढायचे, परत डावीकडं. त्यांच्या कपाळावर घाम आला. सर म्हणाले, उलटंच काढा येमुल, मग एक बटण दाबू, आपोआप फिरेल. सोपं आहे. मी नानांकडं बघितलं. मला वाटलं परत चिडतील.

नाना हसले. म्हणाले, असू दे तुमचं बटण, पुढं लागेल. हे एक मला काढू द्या. मग त्यांनी टेबलावर तळहात उताणा ठेवला, डावा, आणि त्याच्याकडं बघत बघत उजव्या हातानं माउस हलवायला लागले. एकेक चौकट. भ, आ, र, ग, व. मी जांभया दिल्या, खिडकीत गेले, परत आले, तरी ते र वरच. पण दांड्या उजवीकडं होत्या.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही शेडवर पोचलो. वॉचमननं मला ओळखलं आणि पोत्यांचा गठ्ठा कुठाय म्हणून विचारलं. मी त्याच्याकडं बघून फक्त चालत राहिले. शेठ आत होते. नानांना बघून ते म्हणाले, पेन ड्राइव्ह मागवून घेतला असता, तू कशाला आलास? नाना म्हणाले, बघायला आलो.

पेन ड्राइव्ह लावला. त्याच हिंदी बोलणाऱ्या पोरानं माग चालू केला. आधी काठ आला. मग पिवळं, नुसतं पिवळं, बराच वेळ. शेठ फोनवर बोलत होते. नाना मागाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले, हात मागं बांधून. पोरानं मागं सरका म्हणलं तर दोन बोटं सरकले.

मग लाल सुरू झालं. एकेक ओळ. अक्षरांचे पाय आधी. नाव आपल्याकडं तोंड करून आहे हे कळायला थोडा वेळ लागला, आणि मग भ ओळखू आला. नानांनी वाचताना हलवावेत तसे ओठ हलवले. मी शेठकडं बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर काय येतंय ते. काय येणार, ते खूष झाले. फोन खिशात टाकून म्हणाले, बास, हेच पाहिजे होतं. आता काढा किती पाहिजे तेवढे. नरसय्या, उद्यापासनं वरच्या केबिनमध्ये बस. एसी आहे, नवा कंप्युटर आहे.

नानांनी ऐकलं की नाही कळेना. ते टॉवेलकडंच बघत होते. हर्षिताचं नाव सुरू झालं होतं. पोरगा माग बंद करायला पुढं गेला, कापू का म्हणून विचारायला लागला. नानांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे. चालू दे जरा."

मग शेठकडं वळून, माग वाजत होता म्हणून मोठ्यानं, ते म्हणाले, "मालक, वर नको. इथंच टेबल टाका. मागाजवळ."

शेठ म्हणाले, अरे आवाज किती आहे, कापूस उडतोय, कंप्युटर खराब होईल. वर बस की सुखात.

"आजपर्यंत मी विणताना कापडाची पाठच बघितली, मालक," नाना म्हणाले. "तोंड बघायला मिळायचं ते कापून झाल्यावर. तोपर्यंत दुसऱ्याच्या हातात गेलेलं असायचं."

शेठ पण मागाजवळ येऊन उभे राहिले. त्या पोराला मराठी नीट येत नव्हतं, पण त्यानं बटणावरचा हात काढून घेतला. नाना परत वळले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि आम्ही दोघं हर्षिताचं नाव पुरं होईपर्यंत वाचत राहिलो.